फोर्स पुश आणि फेरफार

ह्या विकांताला खरं तर हेदवीच्या आंब्यांवर लिहायचं ठरवलं होतं. दर मे महिन्यात लिहितो आणि तुम्हीही दर मे महिन्यात गोड मानून घेता. पण ह्या खेपेला आंबे बाजूला ठेवतो. शुक्रवारी संध्याकाळी हापिसातून निघताना मी एक घोळ घालून ठेवला आणि तो निस्तरण्यात निम्मा विकांत गेला. घोळ संपूर्णपणे माझाच. तो कसा निस्तरला ते सांगतो. आपल्यातले बरेच जण ह्याच धंद्यात आहेत, कधीतरी कामाला येईल. जे नाहीत त्यांनी मधले काही परिच्छेद नुसते चाळले तरी चालतील, पुढे सातबारा येणार आहे. :-)

तर झालं असं. आम्ही दोघं एकाच ब्रँचवर काम करत होतो. मी आणि चार महिन्यांपूर्वी टीममध्ये आलेली एक मुलगी. (नाव सांगत नाही, ती हे वाचणार आहे.) शुक्रवारी तिला नवा लॅपटॉप मिळायचा होता. जुना लॅपटॉप परत घेतला की सपोर्टवाले त्याची डिस्क पुसून टाकतात. म्हणून दुपारी तिने आपलं सगळं काम नीट कमिट केलं, सर्व्हरवर पुश केलं, दोनदा तपासलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन सांगितलंसुद्धा, "सगळं पुश केलंय हं." मी मान डोलावली. कानात हेडफोन होते.

संध्याकाळचे सात. रात्रीची गुहागर गाडी पकडायची होती, हिंजवडीतून स्वारगेटला पोचायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. निघण्यापूर्वी आपलं काम तेवढं वर टाकून मोकळं व्हावं म्हणून मी माझे कमिट मेनवर रीबेस केले आणि पुश केलं. गिटने पुश नाकारला.

आता इथे थोडं थांबतो, कारण खरी चूक इथे आहे. रीबेस केल्यावर पुश नाकारला जातोच. तुम्ही स्वतःचाच इतिहास नव्याने लिहिलेला असतो, तो सर्व्हरवरच्या जुन्या इतिहासाशी जुळत नाही. मग 'डॅश डॅश फोर्स' लावायचं आणि पुढे जायचं. हे शंभर वेळा केलं की नकाराची इतकी सवय होते की तो वाचणं बंद होतं. गाडीत बेल्ट न लावता बसलेल्या माणसाला जशी ती टुणटुण ऐकू येईनाशी होते तसं. पण गिटचे नकार दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे, बाबा रे, तुझा इतिहास सर्व्हरच्या पुढे जात नाहीये. दुसरा म्हणजे, सर्व्हरवर असं काम आहे जे तुझ्याकडे नाहीच, आधी ते आण. माझ्या स्क्रीनवर दुसरा होता. स्पष्ट, सोप्या शब्दांत. मी वाचला नाही. फोर्स लावला, लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि पळालो.

कुंभार्ली घाटात मला छान झोप लागली होती, हेही इथे नमूद करून ठेवतो.

हेदवीला आमच्या घरी मोबाईलला रेंज नाही म्हटलं तरी चालेल. पडवीत एक खांब आहे, त्याला टेकून उभं राहिलं तर मेसेज येतात, पण बोलता येत नाही. पुरेशी रेंज हवी असेल तर दशभुज गणपतीच्या देवळाकडे जायचं, टेकडीवर. देव दहा हातांचा, आणि आम्ही त्याच्या पायरीवर बसून दोन काड्यांसाठी फोन वर धरणारे. असो. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास चहाचा कप घेऊन खांबाला टेकलो आणि मेसेज आला. आठ चाळीसला पाठवलेला. नव्या लॅपटॉपवर क्लोन केलं पण माझे कमिट दिसत नाहीयेत, तीनदा करून बघितलं, मीच काहीतरी चुकीच्या ब्रँचला पुश केलं का?

वाचता वाचता पोटात खड्डा पडला. शेवटचा प्रश्न पुन्हा एकदा वाचला. तिला वाटत होतं चूक तिची आहे.

लॅपटॉप उचलला आणि टेकडीवर गेलो. काकांनी मागून विचारलं, "काय रे, रेंज गावली नाय काय?" मी नुसता हात हलवला.

जे गिटवाले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गिट हे लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. तुम्ही केलेल्या कामाचा टप्प्याटप्प्याने फोटो काढून ठेवणारी वही, असं समजा. प्रत्येक फोटो म्हणजे एक कमिट. त्याला एक लांबलचक क्रमांक असतो आणि आपल्या आधीचा फोटो कुठला हे त्याला माहीत असतं. आणि ब्रँच म्हणजे? ब्रँच म्हणजे फक्त एक चिठ्ठी. एका कमिटवर चिकटवलेली. नवीन कमिट केलं की चिठ्ठी तिथून निघून पुढच्यावर चिकटते.

हे एकदा डोक्यात बसलं की घोळ निस्तरण्याचं निम्मं शास्त्र येतं. 'रीसेट हार्ड' केलं, ब्रँच उडवली, फोर्स पुश मारला, ह्या सगळ्यात कमिट पुसले जात नाहीत. चिठ्ठी हलते. जुने कमिट तिथेच अंधारात पडून असतात, त्यांच्याकडे जायची वाट तेवढी कुणाला माहीत नसते. आणि ती वाट गिट एका वेगळ्या डायरीत लिहून ठेवतो. तिचं नाव रिफ्लॉग. चिठ्ठी केव्हा कुठून कुठे गेली, ह्याची नोंद. तुम्ही काहीही केलंत तरी 'त्याआधी मी कुठे होतो' हे तिथे सापडतं. काही बदललेलं नसेल तर ही नोंद नव्वद दिवस राहते, आणि ज्या कमिटला कुठलीच चिठ्ठी उरली नाही त्याची तीस दिवस. त्यानंतर साफसफाई. म्हणजे हात थरथरत असतानाही महिनाभर वेळ असतो. पहिली गोष्ट काय करायची, तर काहीही करायचं नाही. शांत बसायचं. घाबरून दिलेली पुढची कमांड बहुधा पहिलीपेक्षा वाईट असते.

पण ह्यात एक मेख आहे. रिफ्लॉग ज्याचा त्याचा असतो. तो पुश होत नाही आणि क्लोनबरोबर येत नाही. तिच्या जुन्या लॅपटॉपवर तिचा सगळा रिफ्लॉग होता, पण ती डिस्क आदल्या संध्याकाळीच पुसून झालेली. नव्या लॅपटॉपवर तिने केलेला क्लोन कोरा, त्याला माझ्या फोर्स पुशनंतरचंच जग माहीत. म्हणजे तिचं काम आता कुठे असेल तर माझ्या लॅपटॉपवर, किंवा सर्व्हरच्या अंधारात.

पायऱ्यांच्या कडेला सावलीत बसून मी सर्व्हरच्या ब्रँचचा रिफ्लॉग काढला. (सर्व्हरवर ब्रँच कुठे होती ह्याची आपल्याकडची नोंदही गिट ठेवतं. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, मलाही दोन वर्षांपूर्वी नव्हतं.) त्यात दोन ओळी. वरची, पुशमुळे झालेला बदल, शुक्रवार संध्याकाळ. खालची, फेच, शुक्रवार सकाळ. सकाळी मी तिचं काम आणलं होतं, फक्त माझ्यात मिसळलं नव्हतं. खालच्या ओळीतल्या क्रमांकावर एक नवी ब्रँच केली आणि तिचे सात कमिट समोर हजर. तिथल्या तिथे देवाला हात जोडले.

मग लक्षात आलं, सात नव्हते, नऊ होते. दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन ती जे सांगून गेली ते शेवटचे दोन. माझं फेच सकाळचं, हे दोन दुपारचे, म्हणजे ते माझ्याकडे कधी आलेच नव्हते. तिच्या सगळ्या टेस्ट ह्या दोनात होत्या.

इथे माझ्या आळशीपणाने मला वाचवलं. लॅपटॉप मी कधी बंद करत नाही, झाकण मिटतो. त्यामुळे शुक्रवारची टर्मिनलची खिडकी तशीच उघडी होती. वर सरकत गेलो. फोर्स पुश झाल्यावर गिट एक ओळ छापतं, आधी अधिकचं चिन्ह, मग जुन्या कमिटचा छोटा क्रमांक, तीन टिंबं, नव्या कमिटचा क्रमांक आणि शेवटी कंसात 'फोर्स्ड अपडेट'. म्हणजे तुम्ही कशावर पाय दिलात हे गिट त्याच क्षणी सांगतं. तो जुना क्रमांक म्हणजे तिचं नववं कमिट. सर्व्हरच्या वेबपानावर पत्त्यात तो क्रमांक टाकला. गोल गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं... आणि पान उघडलं. सर्व्हरने अजून साफसफाई केलेली नव्हती. त्यावर तिथूनच ब्रँच केली, नाव ठेवलं 'सुटका', आणि ती खाली ओढून घेतली. टेकडीवरच्या रेंजमध्ये त्याला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात एका सहलीतल्या मंडळींचे चार फोटो काढून दिले.

पुढचं काम कारकुनी. तिचे नऊ कमिट एकेक करून चेरी-पिकने माझ्या कमिटवर आणले, एका फाईलवर दोघांनी हात फिरवला होता ते भांडण सोडवलं, टेस्ट चालवल्या आणि पुश केलं. साधा पुश, फोर्स नाही. गेला.

धंद्यातल्यांसाठी आणखी एक-दोन गोष्टी ह्याच ओघात. फोर्सच्या ऐवजी 'फोर्स विथ लीज' वापरा. गिटमध्ये तो २०१३ पासून आहे, म्हणजे मला सबब नाही. तो म्हणतो, सर्व्हर तुला शेवटचा जिथे दिसला होता तिथेच असेल तर ढकल, नाहीतर नाही. तिचे दुपारचे दोन कमिट मधे आले होते, म्हणजे शुक्रवारी त्याने मला थांबवलंच असतं. मात्र तुमचा एडिटर पाठीमागे गुपचूप फेच करत असेल तर हा गडीही फसतो, त्याला वाटतं तुम्ही सगळं पाहिलंय. म्हणून २०२० च्या शेवटी त्याच्या जोडीला 'फोर्स इफ इन्क्लूड्स' आला. दोन्ही लावा आणि छोटं टोपणनाव करून ठेवा, म्हणजे बोटांना तीच सवय लागेल.

आणि रिफ्लॉग म्हणजे काही संजीवनी नाही. जे कमिटच केलं नाही ते त्यात नसतं. दिवसभर लिहिलं, कमिट केलं नाही आणि 'रीसेट हार्ड' मारलं तर गेलं. निदान 'अ‍ॅड' केलेलं असेल तर 'एफएसके'ला अंधारात शोधायला पाठवता येतं. टाकून दिलेला स्टॅशही तिथे कधीकधी सापडतो. पण नुसतं एडिटरमध्ये होतं ते गेलंच. म्हणून कमिट करत जा, वेडीवाकडी करा, नंतर नीटनेटकी करता येतात.

असो. दीड वाजता सगळं जागेवर होतं. आता फक्त तिला उत्तर द्यायचं राहिलं.

मी मेसेज लिहिला. "आत्ता बघ, दिसतील. सर्व्हरवर काहीतरी सिंक इश्यू होता."

हसू नका. हा मेसेज तुम्हीही पाठवलेला आहे. आपल्या धंद्यात सिंक इश्यूने जितकी पापं पोटात घातली आहेत तितकी गंगेनेही घातली नसतील. आणि बघा ना, नुकसान काय झालं? काहीच नाही. नऊच्या नऊ कमिट परत. ती खूष, मी खूष, सोमवारी स्टँडअपला कुणी विचारणार नाही. मेसेज तयार होता. पण टेकडी उतरता उतरता पाठवायचं राहिलं आणि घरी आलो तोवर रेंज गेली. केवळ म्हणून तो गेला नाही, माझ्या सद्‌सद्विवेकबुद्धीला फुकटचं श्रेय नको.

जेवून पडवीत आडवा झालो. डोक्यात तेच चालू होतं, म्हणून गिटलॅबची गोष्ट आठवली. ३१ जानेवारी २०१७. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या मशीनवर डेटाबेसचा फोल्डर उडवायची कमांड दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप घेण्याचे पाच मार्ग, आणि ऐन वेळी एकही धड चालेना. शेवटी कामासाठी म्हणून कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर सगळं परत उभं राहिलं. त्या मधल्या सहा तासांतला डेटा कायमचा गेला. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. ही मंडळी आपला गोंधळ जसजसा निस्तरत होती तसतसा तो उघड्या डॉक्युमेंटमध्ये लिहीत होती आणि यूट्यूबवर थेट दाखवत होती. नंतरच्या अहवालात त्या इंजिनिअरचं नावही घातलं नाही, 'टीम मेंबर १' एवढंच. जेन्किन्सच्या लोकांवरही २०१३ च्या नोव्हेंबरात असाच प्रसंग आला होता. त्यांच्यातल्या एका डेव्हलपरकडून १८६ रिपॉझिटऱ्यांवर एका झटक्यात चुकून फोर्स पुश गेला. त्यांनीही सगळं जाहीर सांगितलं. मी मात्र एका ब्रँचसाठी सिंक इश्यू शोधत होतो.

इतक्यात काका प्लॅस्टिकची एक जाड पिशवी घेऊन आले. "ऊठ, झोपायला आलायस काय? कागद बघायचे आहेत ना?"

मी हेदवीला आलो होतो ते खरं ह्याचसाठी. आजोबा थंडीत गेले. त्यांच्या नावावरच्या जमिनीला आता वारस लावायचे होते. त्यासाठी जुन्या सातबाऱ्यांच्या आणि फेरफारांच्या नकला काढून लावायच्या, आणि अर्ज ई-हक्कवर ऑनलाइन भरायचा. पुतण्या कॉम्प्युटरात आहे म्हटल्यावर हे काम आपसूकच माझ्याकडे आलेलं.

आता सातबारा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. कुणाची जमीन, किती, काय पिकतं. पण सातबारा म्हणजे आजची स्थिती फक्त. ती तशी का आहे हे फेरफारात असतं, गाव नमुना सहा. प्रत्येक बदलाला एक क्रमांक. खरेदी, वाटणी, वारस, बोजा, काहीही. बदलाची वर्दी द्यायची, तलाठी (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नोंद लिहिणार, हितसंबंधितांना नोटीस जाणार, हरकत घ्यायला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करणार, आणि मगच तो बदल सातबाऱ्यावर उतरणार. मी काकांना म्हटलं, काका, हे आमच्यासारखंच आहे हो! आम्हीही कोड लिहिला की दुसऱ्याकडून तपासून घेतो आणि मगच मेनमध्ये घालतो. काका म्हणाले, "असेल. पण तुम्ही पंधरा दिवस थांबता काय?"

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे काही खोडरबराने पुसायचं नसतं. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं तर त्याला कंस करायचे, बाजूला फेरफाराचा क्रमांक. (२०२० नंतरच्या नव्या नमुन्यात आडवी रेघ येते.) नाव वाचता येतंच. पुढे कधी सातबारा नव्या पानावर लिहिला तर कंसातली जुनी नावं तिथे आली नाहीत असं होतं, तरी फेरफाराच्या वहीत ती असतातच. क्रमांक धरून मागे मागे जायचं. आम्ही तेच करत होतो. हातातल्या उताऱ्यावरचा क्रमांक बघायचा, पिशवीतून ती नक्कल शोधायची, त्यात आधीचा क्रमांक, की पुढची नक्कल.

असं करता करता पणजोबांच्या वारसांच्या फेरफाराला पोचलो. साठच्या दशकातला. पणजोबा मयत, वारस दोन मुलगे. एक माझे आजोबा, एक त्यांचा धाकटा भाऊ. मी म्हटलं, "आणि ताईआजी?"

ताईआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. रत्नागिरीला दिलेली. लहानपणी तिच्या हातचे सांदण खाल्लेले मला अजून आठवतात. १९५६च्या कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीचाही वारसा होता, पण गावोगावच्या घरांत ह्या कायद्याची खबर पोचायला, की पोचूनही न पोचल्यासारखं करायला, बरीच वर्षं लागली. आमचं घर काही त्याला अपवाद नव्हतं.

काकांनी काही न बोलता पुढची नक्कल माझ्यासमोर ठेवली. सात-आठ वर्षांनंतरची. वर्दी देणारे आजोबा. जुन्या कारकुनी मराठीत लिहिलेलं होतं. अर्थ असा की, वडील मयत झाल्यावर मी वारसांची जी वर्दी दिली तीत बहिणीचे नाव देण्याचे माझ्याकडून राहिले, ती वारस आहे, तिचे नाव दाखल व्हावे. खाली मंडळ अधिकाऱ्याची सही, 'मंजूर'.

"गावातले म्हणायचे, कशाला स्वतःहून लिहून देतोस? ती काही मागत नाही," काका म्हणाले. "धाकटे काका तर वर्षभर बोलत नव्हते बाबांशी."

"मग?"

"मग काय. बाबांनी लिहून दिलंनी."

मी ती नक्कल पुन्हा वाचली. 'राहिले' नाही, 'माझ्याकडून राहिले'. त्यांना लिहिता आलं असतं की नजरचुकीने राहिले, कारकुनाने लिहिले नाही. कुठे कुठे कुणी कुणी काय काय लिहितं! शिवाय ताईआजीचं नाव घालायचं तर दुसरेही मार्ग असतील, बक्षीसपत्र करून द्यायचं, म्हणजे उलट मोठेपणा मिळाला असता. त्यांनी ते केलं नाही. जुनी नोंद आहे तिथेच आहे, चुकीची, मंजूर, सही-शिक्क्यासकट. तिच्यापुढे दुसरी नोंद आहे जी म्हणते पहिली चुकली आणि ती मी दिली होती. दोन्ही आज माझ्या हातात.

गिटमध्ये ह्याला रिव्हर्ट म्हणतात. चूक दुरुस्त करायचे दोन रस्ते असतात. रीसेट करून चिठ्ठी मागे न्यायची, म्हणजे चूक कधी झालीच नव्हती. किंवा रिव्हर्ट, म्हणजे चुकीचं कमिट आहे तिथे राहू द्यायचं आणि त्याच्या बरोबर उलटं असं एक नवं कमिट पुढे लिहायचं. नियम सगळ्यांना पाठ असतो. जे अजून आपल्याच लॅपटॉपवर आहे ते खुशाल रीसेट करा. एकदा का ते दुसऱ्यांपर्यंत पोचलं की फक्त रिव्हर्ट. तांत्रिक कारण असं की दुसऱ्यांनी त्या कमिटवर आपलं काम रचलेलं असतं, ते तुम्ही पायाखालून काढून घेऊ शकत नाही. मी हे इंटरव्ह्यूत चार वेळा सांगितलंय. तरी माझा हात रीसेटकडेच जातो, कारण रिव्हर्टला कमिट मेसेज लिहावा लागतो, काय उलटवलं आणि का, आणि खाली आपलं नाव असतं.

(रिव्हर्टचीही एक गंमत आहे. अख्खं मर्ज रिव्हर्ट केलं आणि नंतर तीच ब्रँच पुन्हा मर्ज केली तर ते बदल परत येत नाहीत. गिट म्हणतं, हे तर आधीच आलंय. मग रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो. ह्यात माझे एकदा दोन दिवस गेले आहेत. असो.)

चार वाजता पडवीतल्या खांबाला टेकलो. सिंक इश्यूवाला मेसेज तसाच होता, तो पुसला. (हा अजून माझ्याच फोनवर होता, पुसायला हरकत नव्हती!) नवा लिहिला आणि तिला एकटीला न पाठवता टीमच्या ग्रुपवर टाकला. शुक्रवारी संध्याकाळी मी ह्या ब्रँचवर फोर्स पुश केला, सर्व्हरवर दुसऱ्याचं काम आहे हे गिटने सांगितलेलं वाचलं नाही, त्यामुळे हिचे नऊ कमिट गेले. तिचं काहीही चुकलेलं नाही, तिने मला सांगितलंही होतं. सगळे परत आणले आहेत, असे असे, कुणी तपासून बघा. पाठवलं. फिरत राहिलं. गेलं.

उत्तर साडेपाचला आलं, तेही दोन तुकड्यांत. पहिलं, सकाळपासून मी जुन्या लॅपटॉपवर नक्की काय केलं हेच आठवत बसले होते, आईशी पण भांडले. दुसरं, हेडफोन काढून ऐकत जा. मग बऱ्याच वेळाने तिसरं, रिफ्लॉग म्हणजे काय?

मॅनेजरने फक्त अंगठा दाखवला. सोमवारी त्या ब्रँचवर फोर्स पुशला कुलूप लागेल असं दिसतंय.

संध्याकाळी पुन्हा टेकडीवर गेलो आणि तिला फोन करून रिफ्लॉग समजावला, चिठ्ठीच्या गोष्टीसकट. बॅटरी संपेपर्यंत. तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि चार महिन्यांत मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं, हेही त्यात निघालं. परत येताना समुद्रावरून आलो. भरती होती, बामणघळीत पाणी शिरून वर उसळत होतं आणि सकाळचीच सहलीतली मंडळी भिजण्याच्या बेतात उभी होती.

रविवारी सकाळी काका आणि मी दोघंही टेकडीवर, मी लॅपटॉप घेऊन, काका पिशवी घेऊन. मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र आधीच स्कॅन केलेलं. वारसांच्या रकान्यात नावं भरली. आजी, बाबा, काका, दोघी आत्या. काकांनी चष्मा लावून ती मोजली, मग मला मोजायला लावली. पाच.

सेव्हचं बटण दाबलं आणि रेंज गेली.